शेजारच्या शेडचं काम

रात्रीचे आठ वाजून गेले होते. आबांनी कोल्हापुरातल्या आपल्या मशीन शॉपच्या शेडचं शटर अर्धं खाली ओढलं होतं, पोरं रॉकेल लावून हात धूत होती, आणि पंखे बंद झाल्यामुळे कटिंग ऑइलचा आंबूस वास जास्तच दाटला होता. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडच्या माणसाचा आवाज मलाही ऐकू येत होता, इतका तो घाईत होता. बोरिंग बार मोडलाय, सकाळी सातला गाडी भरायची आहे, तुमचा मिळंल का? आबांनी "कशाला", "कधी देणार" असलं काही विचारलं नाही. "पाठव पोराला" एवढंच म्हणाले. मग स्वतः उठून जुन्या मशीनचा बार, भोक आतून कातायचा तो दांडा, सोडवला, चिंधीनं पुसला आणि गोणपाटात गुंडाळला. थोड्या वेळात एक मुलगा मोपेडवर आला आणि ते गाठोडं पायाशी ठेवून निघून गेला. चिठ्ठी नाही, सही नाही. घरी जाताना चुलतभावाकडून कळलं, की ज्या पंपबॉडीसाठी बार गेला ती ऑर्डर महिन्यापूर्वी आबांकडेच येणार होती. या माणसानं नगामागे थोडे रुपये कमी लावून ती उचलली होती. जेवताना मी विचारलं, "मग दिलात कसा?" आबा भाकरी मोडत म्हणाले, "त्याचा माल वेळेत गेला न्हाई, तर गिऱ्हाईक माझ्याकडं येत न्हाई. ते राजकोटला जातंय."

उत्तर चोख होतं; राजकोटही ओतकामाचंच गाव. व्यवहाराच्या पुस्तकात छापावं असं. पण पुण्याला परत आल्यावरही ते मला पुरेना, कारण मी त्यांचा हात पाहिला होता. फोन ठेवायच्या आधीच तो पान्याकडे गेला होता. राजकोटचा विचार त्या हातानं केला नव्हता.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, छोट्या कारखान्यांच्या या वसाहतीत, जे वाढले त्यांना तिथल्या सकाळी वेगळ्या सांगायला नकोत. रस्त्याच्या कडेला कास्टिंगच्या, म्हणजे ओतीव लोखंडी भागांच्या, राशी, पहिल्या पावसात त्यांच्यावर चढलेला तांबूस गंज, त्यांच्यामधून वाट काढणारे तीनचाकी टेम्पो, एका शेडमधून लेथचा एकसुरी आवाज आणि समोरच्या शेडमधून ग्राइंडरची किंकाळी. आमच्या लहानपणी कोअर, म्हणजे साच्यात ठेवायचे वाळूचे गाभे, भाजायच्या ओव्हनमधून मळीचा आणि जवसाच्या तेलाचा करपट-गोडसर वास यायचा. साखर कारखान्याची मळी ओतकामातही वापरतात, ही गोष्ट मला शाळेत कुणी शिकवली नाही, नाकानं शिकवली. सुट्टीत आबा मला चलनं लिहायला बसवायचे. कार्बन घातलेल्या त्या पुस्तकांतून मला पहिल्यांदा दिसलं, की आमच्या शेडमध्ये कुठलीही वस्तू जन्मत नाही आणि पूर्णही होत नाही. ती कुणाकडून तरी येते, थोडा वेळ आमच्याकडे थांबते आणि पुढच्याकडे जाते.

साधी पंपाची बॉडी घ्या. आधी पॅटर्नवाला सागवानाचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा नमुना, म्हणजे पॅटर्न, करतो. त्याच्या हातातली पट्टी आपल्या पट्टीसारखी नसते. ओतीव लोखंड थंड होताना शंभराला साधारण एक भाग आकसतं, म्हणून त्याच्या पट्टीवरचा प्रत्येक सेंटिमीटर तेवढा लांब असतो. तो पॅटर्न फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, जातो. तिथे वाळू, बेंटोनाइट, कोळशाची भुकटी आणि पाणी कालवून पेटी भरतात. आतला पोकळ भाग ज्यामुळे राहतो तो कोअर पुष्कळदा तिसऱ्याच शेडमधून येतो, आणि तिथे मी नेहमी बायकाच पाहिल्या, पांढऱ्या भुकटीत माखलेल्या कोपरापर्यंतच्या हातांनी कोअर दारात वाळत मांडणाऱ्या. मग 1,400 अंशांच्या आसपासचं लोखंड पेटीत उतरतं. रात्री पेट्या फुटतात, सकाळी फेटलिंग, म्हणजे वाळू आणि कंगोरे घासून काढणं, होतं, नंतर माल मशीन शॉपला येतो, भोकं पाडायला आणखी कुणाकडे, रंगाला आणखी कुणाकडे. कोल्हापूरच्या आसपास सुमारे 300 फाउंड्र्या आहेत असं सांगतात, आणि त्यांच्याभोवतीच्या या छोट्या शेड्स तर कुणी धड मोजल्याही नसतील. ज्यांच्याकडे पैसा आला ते शिरोली, गोकुळ शिरगाव, पुढे कागलच्या औद्योगिक वसाहतींत गेले, सगळं एका छपराखाली आणायचा प्रयत्नही काहींनी केला. तरी त्यांचा टेम्पो कुठल्या ना कुठल्या कामासाठी उद्यमनगरात येतोच.

अर्धवट असणं ही इथली कमतरता आहे असं मला लहानपणी वाटायचं. आज वाटतं, तीच यांची ताकद आहे. एकटा काहीच पुरं करू शकत नाही, म्हणून शेजारी बुडाला तर आपलं काम अडतं, हे इथे प्रत्येकाला शरीरानं माहीत असतं.

पण नुसतं अडणं म्हणजे टिकणं नव्हे. अडलेली माणसं एकमेकांचा गळाही धरतात, आणि उद्यमनगरात तेही भरपूर होतं. त्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे ब्लो होल. ओतताना आत वायू अडकतो आणि कास्टिंगच्या पोटात पोकळी राहते. बाहेरून काही दिसत नाही. मशीनवर तीन-चार कट घेतले, निम्मी मजुरी घातली, आणि शेवटच्या कटाला चकाकत्या पृष्ठभागावर काळं भोक उघडं पडतं. आता नुकसान कुणाचं? फाउंड्रीवाला म्हणतो, कास्टिंग बदलून देतो. मशीनवाला म्हणतो, माझी मजुरी कोण देणार? फाउंड्रीवाला म्हणतो, पॅटर्नलाच गेट, लोखंड आत शिरायची वाट, चुकीच्या जागी आहे. पॅटर्नवाल्याला बोलावतात, तो येऊन वाळूला दोष देतो. मी हे भांडण शेडच्या दारात उभी राहून इतक्यांदा ऐकलं आहे की त्यातले उतार-चढाव मला पाठ आहेत. आवाज चढतात, बापजादे निघतात, "परत तुझ्या दारात माल टाकणार न्हाई" इथपर्यंत जातं. मग कुणीतरी चहा सांगतं. चहा येईपर्यंत तो जॉब उन्हात धरून तिघंही त्या भोकात बोट घालून पाहतात, आणि तिथे भांडणाचा सूर बदलतो. भोक कुठल्या बाजूला आहे, किती खोल आहे, ओतताना लोखंड गार होतं का, वाळू जास्त ओली होती का. नुकसान वाटून घ्यायचं ठरतं, कधी निम्मं-निम्मं, कधी पुढच्या लॉटमध्ये वळतं करून. पण त्या पंधरा मिनिटांत तिघांनाही काहीतरी कळलेलं असतं, जे एकट्यानं वर्षभर डोकं घालून कळलं नसतं. करारपत्र असतं तर भांडण वकिलाकडे गेलं असतं आणि भोकाचं कारण तिथेच राहिलं असतं.

आबांच्या पिढीकडे कारागिरी अशीच आली. उद्यमनगरात जुनी माणसं म्हादबा मेस्त्री आणि वाय. पी. पोवार या इथल्या पहिल्या फळीतल्या उद्योजकांची नावं अजून घेतात. ऊस, गूळ आणि नदीचं पाणी या तिन्हींना यंत्र लागत होतं: चरक, पंप, तेलावर चालणारं इंजिन. दुसऱ्या महायुद्धात बाहेरचे सुटे भाग मिळेनात, तेव्हा इथल्या मेस्त्र्यांनी मोडलेला भाग समोर ठेवून तसाच दुसरा ओतायला घेतला. एकाला जमलं ते दुसऱ्यानं पाहिलं. पुढे ऑइल इंजिन ही कोल्हापूरची ओळख झाली, आणि नंतर शिवारात वीज पोचली तशी ती ओळख मागे पडली. माझ्या मनात हा प्रश्न नेहमी येतो, की इंजिन गेलं तेव्हा उद्यमनगर का गेलं नाही? एखादा मोठा कारखाना एकाच वस्तूवर उभा असतो आणि ती वस्तू गेली की त्याच्या फाटकाला कुलूप लागतं. इथे प्रत्येक शेडला फक्त आपलं काम येत होतं, ओतायचं, कातायचं, घासायचं. ते इंजिनाचं आहे की ट्रॅक्टरचं की ट्रकचं याच्याशी त्या कामाला देणंघेणं नव्हतं. ज्याला मोटारगाडीवाल्यांची पहिली ऑर्डर मिळाली त्यानं ती वाटली, कारण एकट्याला ती झेपणारच नव्हती. वस्तू बदलली, वस्तू पुढे पाठवायची वाट तीच राहिली.

या वाटेवर नवी माणसं कशी येतात तेही सांगायला हवं. आबांकडे लेथवर असलेला एक मुलगा लग्न झाल्यावर म्हणाला, स्वतःचं टाकतो. आबा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. चांगला हात चालला होता, वाईट वाटणारच. तिसऱ्या दिवशी त्याला बरोबर घेऊन ते जुनं लेथ बघायला गेले, बेडवर हात फिरवून घासलेली जागा दाखवली, किंमत पाडून दिली. आणि त्याचं शेड उभं राहिलं तेव्हा पहिलं काम आमच्याकडूनच गेलं, बुशचं, जे आमच्याकडे साठून राहायचं. आज तो आमच्याशी स्पर्धा करतो. खंडेनवमीला त्याच्या मशीनला झेंडूचं तोरण लागलं की आधी आबांना बोलावणं येतं, मग नारळ फुटतो. हे प्रत्येक ठिकाणी असंच होतं असं नाही. कामगार पळवणं, चोरून पॅटर्नची नक्कल करणं, पेमेंट बुडवून फोन न उचलणं, सगळं मी पाहिलं आहे. पण अशा माणसाला शिक्षाही गल्लीच देते. त्याला कुणी काही बोलत नाही. फक्त रात्री आठला त्याचा बार मोडला तर कुणाचा फोन लागत नाही.

पैशाकडे मी मुद्दामच उशिरा येते आहे, कारण तिथे माझं मन एका बाजूला ठरत नाही. उद्यमनगरातल्या दोन शेड्समधला हिशेब कधी शून्यावर येत नाही. लाख रुपये द्यायचे असतील तर ऐंशी-नव्वद देतात आणि बाकी "पुढच्याला धरू" म्हणतात. उलट बाजूनंही काही ना काही येणं असतंच. शिवाय भिशी असते, महिन्याला हप्ता भरायचा आणि ज्याला मुलीचं लग्न किंवा नवं मशीन असेल त्यानं आधी उचलायची. लहानपणी मला ही बाकी ढिसाळपणाची वाटायची. मोठेपणी कळलं की ती बाकी हाच दोघांमधला दोर आहे. हिशेब चुकता केला की उद्या तोंड बघायचं कारण उरत नाही. कोण कुणाचं किती लागतो हे आबांना विचारलं तर त्यांना सांगता येत नाही, आणि मला आता वाटतं, ते सांगता येऊ नये अशीच ती सोय आहे. तो बार नेमका कुठल्या उपकाराची फेड होता, हे म्हणूनच शोधण्यात अर्थ नाही. फेड म्हणून दिला असता तर खातं बंद झालं असतं.

पण हीच बाकी मोठ्या कंपनीच्या हातात गेली की तिचा फास होतो. छोट्याचं पेमेंट नव्वद दिवस, एकशेवीस दिवस अडकवून ठेवणारे मोठे ग्राहक आमच्या घरानं पाहिले आहेत. त्या काळात काकूच्या पाटल्या गहाण गेल्या आणि कामगारांचा पगार झाला. कागदावर करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि नसेल तर 15 दिवसांत पैसे द्यायचे, हा कायदा 2006 पासून आहे. लहान माणूस मोठ्याविरुद्ध तो उगारणार कसा? मग 2023-24 या आर्थिक वर्षापासून आयकरात नवं कलम लागलं: सूक्ष्म आणि लघुउद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर देईपर्यंत तो खर्च वजा धरता येणार नाही. मला मनापासून आनंद झाला. आणि त्या मार्चमध्ये गंमतच झाली नाही, खरोखरची अडचण झाली, कारण कायदा गल्लीलाही लागू होता. सीएनं सगळ्यांना सांगितलं, बाक्या मिटवा. वर्षानुवर्षं उघडी असलेली खाती लोकांनी पहिल्यांदा मिटवली. आबा म्हणाले, "बरं झालं, डोस्कं हलकं झालं." पण ते फार वेळ त्या वहीवर हात ठेवून बसले होते. मी त्या कायद्याच्या बाजूनंच आहे. छोट्याचा श्वास मोठ्याच्या मर्जीवर असू नये. तरी त्या वहीत जे होतं ते निव्वळ थकीत पेमेंट नव्हतं, हेही मला तितकंच खरं वाटतं.

आणखी एक गोष्ट मला बोचते.

या सगळ्या जाळ्याचं कौतुक करताना मी शेडमालकांबद्दलच बोलते आहे. फेटलिंगला जी माणसं असतात, कास्टिंगवरची जळकी वाळू आणि कंगोरे घासून काढणारी, त्यांतली कितीतरी उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाहून आलेली असतात. तोंडाला ओला रुमाल बांधून ती दिवसभर ठिणग्यांच्या समोर बसतात. त्या वाळूची बारीक धूळ फुप्फुसात बसते आणि कायमची बसते. बार मागितला की बार मिळतो, असं त्यांच्यासाठी काय आहे? भिशीत त्यांचं नाव नसतं, ब्लो होलच्या भांडणात त्यांना कुणी बोलवत नाही. आबांकडचा लेथवरचा मुलगा मालक होऊ शकला. फेटलिंगवरचा माणूस मालक झालेला मी पाहिलेला नाही. विश्वासाचं हे जाळं टिकायचं असेल तर त्याची दोरी त्या रुमालापर्यंत पोचली पाहिजे, आणि मास्क, धूळ ओढणारा पंखा, वर्षातून एकदा छातीचा फोटो ही उपकाराची यादी नसून कामाचा भाग आहे, असं मी आबांना दरवेळी सांगते. ते ऐकतात. या वर्षी त्यांच्या ओळखीच्या फाउंड्रीत धूळ ओढायची यंत्रणा बसली. एका ठिकाणी बसली, एवढंच मी म्हणू शकते.

एकत्र येणं ठरवून झालं तर काय होतं याचं उदाहरणही तिथेच आहे. वापरलेली वाळू टाकायची कुठे, हा प्रश्न इतका वाढला होता की रस्त्यांच्या कडा काळ्या पडल्या होत्या. एकट्या फाउंड्रीला वाळू शुद्ध करून परत वापरायचं यंत्र परवडत नाही. कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांनी सरकारी योजनेचा हात धरून क्लस्टर, म्हणजे एकत्र गट, केलं आणि वाळूसाठी सामायिक प्रकल्प उभारला. बार द्यायला एक फोन पुरतो. असा प्रकल्प उभा करायला सभा, ठराव, वर्गणी आणि रुसवेफुगवे लागतात. दोन्ही एकाच मातीतून येतात असं मला वाटतं. ज्यांनी आधी पाने आणि बार उसने दिलेले असतात, त्यांना वर्गणीसाठी एकमेकांच्या दारात जाता येतं.

या वाटेची खरी लांबी मला 2019 च्या ऑगस्टमध्ये कळली. पंचगंगेला पूर आला, शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेला आणि आठवडाभर बंद राहिला. शिरोलीची वसाहत नदीच्या पलीकडे, शहर अलीकडे. ओतलेला माल तिकडे, कातायची मशीनं इकडे. आबांच्या शेडमध्ये पाणी आलं नव्हतं, पण काम ठप्प होतं. पोरं पुरातल्या लोकांना पोळीभाजी पोचवायला गेली आणि आबा कोरड्या शेडमध्ये नुसते बसून राहिले. रस्ता मोकळा झाला तेव्हा पहिल्या टेम्पोतून माल आला नाही. पलीकडच्या फाउंड्रीतल्या भिजलेल्या विजेच्या मोटारी आल्या, वाइंडिंगला, आतली तार नव्यानं गुंडाळायला. वाइंडिंगवाल्यानं नंबर लावले नाहीत, ज्याची भट्टी आधी पेटायला हवी त्याची मोटर आधी घेतली, कारण ती पेटल्याशिवाय बाकीच्या कुणालाच काम मिळणार नव्हतं. कुणाची आधी पेटली पाहिजे, यावर वाद झाला नाही. सगळ्यांना ते माहीत होतं.

राजकोटची भीती खोटी नाही. कोईमतूर आहे, बेळगाव तर तासा-दोन तासांवर आहे, आणि मध्यंतरी वीजदराला कंटाळून कर्नाटकात जायची भाषा कोल्हापूरच्या उद्योजकांनी उघडपणे केली होती. तेव्हा सगळे गेले असते तर? एखादं शेड उचलून नेता येतं. पॅटर्नवाला, कोअरवाल्या बायका, वाइंडिंगवाला आणि समोरचा चहावाला एका ट्रकमध्ये बसत नाहीत. आबांना हे शब्दांत सांगता आलं नसतं म्हणून त्यांनी राजकोट सांगितलं. तेवढं मला आता पटतं.

आता पुढचा फेरा समोर आहे. विजेवरच्या गाड्यांना इंजिनाचा ब्लॉक लागत नाही, सिलिंडर हेड लागत नाही. ऑइल इंजिनासारखंच हेही जाईल का, आणि या वेळी वाट तशीच राहील का, हे विचारताना मला भीती वाटते, कारण या खेपेला नुसती वस्तू नाही, धातूही बदलतो आहे. चुलतभावानं विजेच्या मोटारीच्या अ‍ॅल्युमिनियम हाउसिंगचा, बाहेरच्या कवचाचा, एक नमुना करायला घेतलाय. पॅटर्न जुन्याच मेस्त्रींच्या मुलानं केला, कॉम्प्युटरवर. अ‍ॅल्युमिनियम लोखंडापेक्षा जास्त आकसतं, म्हणून वडिलांची पट्टी त्याला बाजूला ठेवावी लागली. ओतायला त्याच माणसाचा भाचा आहे ज्यानं त्या रात्री फोन करून बार मागितला होता. पहिल्या नगात बोअरचं, आतल्या पोकळीचं, माप जमलं नाही, दुसऱ्यात भोक निघालं. काल फोनवर भाऊ म्हणाला, तिसरा परवा ओततोय, आणि या वेळी भाड्याच्या एक्स-रेला चौघांनी मिळून पैसे काढलेत.